जुनी हॅचबॅक घरी सुधारायची तर: कोल्हापूरकर नवशिक्यांसाठी

कोल्हापुरात गाडीवर जीव असणारी माणसं गल्लोगल्ली आहेत. आल्टो, वॅगन आर, स्विफ्ट, आय-टेन, टियागो, काहीही असो; हप्ते फिटले आणि वॉरंटी संपली की मालकाचे हात शिवशिवायला लागतात. हा लेख अशाच, पण स्टेपनी बदलण्यापलीकडे कधी पाना न धरलेल्या माणसासाठी आहे. गाडी पाच ते बारा वर्षांची, पेट्रोलवर चालणारी, दारात उभी आणि रविवार मोकळा, एवढं मी धरून चाललो आहे.

एक नियम सुरुवातीलाच ठरवून घ्या, कारण पुढचं सगळं त्याच्यावर उभं आहे. घरी केलेलं काम उद्या उलटं फिरवून गाडी पुन्हा कंपनीतून आली तशी करता आली पाहिजे. म्हणजे मूळ वायर कापायची नाही, पत्र्याला भोक पाडायचं नाही, वेल्डिंग नाही आणि काढलेला एकही भाग भंगारात घालायचा नाही. शिकताना हातून काही ना काही बिघडतंच. मूळ कपलर (वायरी जोडणारे प्लॅस्टिकचे प्लग) आणि मूळ स्क्रू शाबूत असले की संध्याकाळपर्यंत गाडी पहिल्यासारखी होते. शिवाय आरटीओ, विमा कंपनी आणि पुढे कधी गाडी विकत घेणारा, हे तिघंही नेमकं हेच बघतात.

पैसे कुठल्या क्रमाने घालायचे यावर माझं मत ठाम आहे: आधी गाडीची तब्येत, मग टायर, मग दिवे, त्यानंतर म्युझिक आणि सेन्सर. स्टिकर, स्पॉयलर, रंगीत कॅलिपर हे सगळ्यात शेवटी, पैसे उरले तर.

कायदा आधी वाचून घ्या

मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ५२ नुसार, आरसीवरचा मूळ तपशील बदलेल असा फेरफार परवानगीशिवाय करता येत नाही. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही हेच स्पष्ट केलं. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने कलम १८२ए आलं. नियमबाह्य फेरफार केल्यास दर बदलामागे ५,००० रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही, अशी त्यात तरतूद आहे.

याचा अर्थ गाडीला हातच लावायचा नाही असा नाही. सीट कव्हर, मॅट, म्युझिक सिस्टीम, स्पीकर, रिव्हर्स कॅमेरा, डॅशकॅम, कंपनीच्याच वरच्या व्हेरियंटला येणारी चाकं, यात आरसीवरचं काही बदलत नाही. अडचण येते ती मोठ्या आवाजाचा सायलेन्सर, सुरांचा हॉर्न, पुढचा लोखंडी क्रॅश गार्ड, काळी फिल्म आणि नंबर प्लेट यांच्यामुळे. क्रॅश गार्डवर केंद्र सरकारने २०१७ च्या डिसेंबरात राज्यांना कारवाई करायला सांगितलं. त्यामागचं कारण समजून घेण्यासारखं आहे. बंपरच्या मागचा भाग धडकेत चुरगळावा अशाच बेताने बनवलेला असतो आणि एअरबॅगचे सेन्सर त्याच हिशेबाने बसवलेले असतात. मध्ये लोखंडी पाइप आला की धडकेचा जोर थेट चासीत जातो, एअरबॅग वेळेवर उघडेल याची खात्री राहत नाही, आणि समोर पायी चालणारा माणूस असला तर त्याची हाडं मोडतात.

काचांचं माप लक्षात ठेवा: पुढच्या आणि मागच्या काचेतून किमान ७० टक्के, बाजूच्या काचांतून किमान ५० टक्के उजेड आरपार गेला पाहिजे. नंबर प्लेटवर ४१४१ चं ‘दादा’ आणि २१४ चं ‘राम’ करण्याची आपल्याकडे मोठी हौस. एमएच ०९ च्या प्लेटवर तो मोह टाळा. २०१९ च्या एप्रिलआधीच्या गाडीलाही आता हाय सिक्युरिटी प्लेट लागते. ती बसवली नसेल तर बाकी खर्चाआधी तेवढं उरकून घ्या.

गाडीचा रंग बदलायचा असेल तर आरसीवर नोंद करावी लागते. पूर्ण गाडीला वेगळ्या रंगाचं रॅप लावणाऱ्यांनीही आधी आरटीओत विचारून घ्यावं.

जागा आणि हत्यारं

सपाट, पक्की फरशी किंवा काँक्रीट हवं. बंगल्याच्या फाटकातला उतार, शेणामातीचं अंगण किंवा ओला डांबरी रस्ता यावर जॅक लावायचा नाही. आणि जॅकवर उभ्या गाडीखाली शिरायचं नाही, कधीच नाही, एक मिनिटासाठीही नाही. गाडीबरोबर येणारा कात्री जॅक चाक बदलण्यापुरता असतो. खाली वाकून काही बघायचं झालं तरी जॅक स्टँडची जोडी लावा, उरलेल्या चाकांना दोन्ही बाजूंनी लाकडी ठोकळे द्या. स्टँड कोणाकडून वेल्डिंग करून घेऊ नका. किती वजन पेलतो हे छापलेला तयार स्टँडच घ्या. विटा आणि सिमेंटचे ब्लॉक तर मुळीच वापरू नका. ते सावकाश वाकत नाहीत, एकदम फुटतात.

हत्यारांत ८ ते १९ नंबरपर्यंतचा गोटी पान्याचा संच, फिलिप्स आणि चपटे स्क्रू ड्रायव्हर, ट्रिम उचकटायचे प्लॅस्टिकचे चमचे, साधा मल्टिमीटर, क्रिंपिंग प्लायर, हीट श्रिंक नळी आणि कापडी टेप, एवढ्यावर या लेखातली बहुतेक कामं होतात. काळी चकचकीत इन्सुलेशन टेप गाडीत वापरू नका. उन्हाने तिचा डिंक वितळतो आणि वर्षभरात जोड उघडा पडतो. प्रत्येक भाग काढण्याआधी मोबाइलवर फोटो काढा, आणि स्क्रू कुठल्या भागाचे ते लिहून वेगवेगळ्या पिशव्यांत ठेवा.

आधी तब्येत

आठ वर्षांच्या गाडीत सगळ्यात जास्त फरक नव्या सामानाने पडत नाही. झिजलेलं सामान बदलल्याने पडतो. मालक हळूहळू सवयीने ढिली गाडी चालवत राहतो आणि मग ‘सस्पेन्शन अपग्रेड’ शोधायला लागतो.

तपासणी अशी करा. काचा बंद, म्युझिक बंद, शेजारी एक माणूस बसवून वाघबीळवरून पन्हाळ्याचा चढ चढा आणि परत उतरा. चढताना इंजिन दम टाकतं का, गिअर बदलताना क्लच घसरतो का, ते बघा. उतरताना दुसऱ्या गिअरमध्ये राहा. ब्रेक दाबल्यावर स्टिअरिंग थरथरलं तर डिस्क बघायला हवी. वळणावर गाडी हलकेच तरंगल्यासारखी वाटली तर शॉक ॲब्सॉर्बर. खडबडीत रस्त्यावर पुढून ‘टक टक’ आवाज आला तर सस्पेन्शनमधला लिंक रॉड, लोअर आर्मचा बुश किंवा स्ट्रटचं वरचं माउंटिंग. सरळ रस्त्यावर स्टिअरिंग सोडल्यावर गाडी एका बाजूला ओढत असेल तर अलाइनमेंट. ठरावीक वेगाला स्टिअरिंग थरथरत असेल तर बहुतेक वेळा चाकांचं बॅलन्सिंग.

यातलं शॉक ॲब्सॉर्बर आणि स्प्रिंगचं काम घरी करायचं नाही. दाबलेली स्प्रिंग सुटली तर माणूस जायबंदी होतो. मिस्त्रीकडे द्या, पण समोर उभं राहून बघा, आणि बुशपासून माउंटिंगपर्यंत सगळं एकदमच बदलून घ्या, म्हणजे मजुरी दोनदा लागत नाही.

ब्रेक ऑइलही गॅरेजमध्येच बदलून घ्या, पण विसरू नका. ते हवेतलं पाणी शोषतं, आणि पाणी मुरलेलं ऑइल लवकर उकळतं. करूळ, फोंडा किंवा आंबा घाट उतरताना सतत ब्रेकवर पाय असेल तर हे ऑइल उकळून पॅडल मऊ पडतं. साधारण दोन वर्षांनी ते बदलावं. डॉट ३ की डॉट ४, हे टाकीच्या झाकणावरच लिहिलेलं असतं.

घरी करण्यासारखी दोन कामं सोपी आहेत. पहिलं एअर फिल्टरचं. क्लिपा उघडा, जुना फिल्टर काढा, डबा आतून कोरड्या फडक्याने पुसा, नवा त्याच बाजूने बसवा, क्लिपा नीट लागल्या का ते बोटाने चाचपा. शिरोली, गोकुळ शिरगाव किंवा कागलच्या एमआयडीसीत रोज जाणाऱ्यांनी मॅन्युअलमधल्या अंतराची वाट न बघता मध्येच उघडून पाहावा. तिकडच्या रस्त्यांवर धूळ जास्त. ग्लोव्ह बॉक्समागे एसीचा फिल्टर असेल तर त्याच दिवशी तोही.

दुसरं काम स्पार्क प्लगचं. इंजिन पूर्ण गार हवं, कारण हेड ॲल्युमिनियमचं असतं आणि गरम असताना आटे खराब होतात. प्लगवर बसलेल्या, त्याला करंट देणाऱ्या कॉइलचा कपलर काढा, १० नंबरचा बोल्ट खोला, कॉइल सरळ वर ओढा. खड्ड्यात धूळ असेल तर प्लग सोडवण्याआधी ती हवेने उडवा, नाहीतर ती सिलेंडरमध्ये पडते. नवा प्लग सुरुवातीला फक्त हाताने फिरवा. तीन-चार वेढे सहज गेले तरच पाना लावा; अडला तर उलटा काढून पुन्हा. एक सिलेंडर पूर्ण झाला की मगच दुसरा.

‘परफॉर्मन्स’ एअर फिल्टरवर पैसे घालू नका असं मी स्पष्ट सांगेन. हजार-बाराशे सीसीच्या साध्या इंजिनात त्याने आवाज वाढतो, ताकद जाणवण्याइतकी वाढत नाही. त्यातून फिल्टरची नळी बंपरजवळ खाली आणली असेल तर आपल्या भागात ती थेट धोक्याची आहे. २०१९ च्या ऑगस्टमध्ये आणि २०२१ च्या जुलैमध्ये पंचगंगेचं पाणी शिरोलीजवळ महामार्गावर आलं होतं. हवेची नळी खाली असलेली गाडी गुडघाभर पाण्यातही पाणी आत ओढते, आणि सिलेंडरमध्ये पाणी गेलं की कनेक्टिंग रॉड वाकतो. कंपनीने ती नळी वर का ठेवली याचं उत्तर यात आहे.

टायर: इथे कंजुषी नको

गाडी आणि रस्ता यांच्यात तळहाताएवढ्या चार जागा असतात. ब्रेक, वळण, पिकअप, सगळं त्या चार जागांवर चालतं. गळिताच्या हंगामात शेतातून निघालेल्या ट्रॉल्या डांबरावर चिखल आणि उसाचा पाला सोडून जातात. त्यावर गुळगुळीत टायरने ब्रेक मारला की गाडी सरळ घसरते.

टायरच्या बाजूवर १६५/८० आर १४ असं लिहिलेलं असतं. १६५ ही मिलिमीटरमध्ये रुंदी, ८० म्हणजे रुंदीच्या ८० टक्के उंची, १४ म्हणजे रिमचा व्यास इंचात. मोठं चाक लावायचं असेल तर आधी पूर्ण व्यास काढा. १६५ च्या ८० टक्के १३२, दोन्ही बाजूंचे मिळून २६४, त्यात १४ इंचांचे ३५५.६ मिळवा, झाले ६१९.६ मिलिमीटर. आता १८५/६५ आर १५ चा हिशेब करा: १२०.२५ च्या दुप्पट २४०.५, अधिक ३८१, म्हणजे ६२१.५. फरक दोन मिलिमीटरचा. म्हणून एकाच गाडीच्या खालच्या व्हेरियंटला पहिलं आणि वरच्या व्हेरियंटला दुसरं माप कंपनीच देऊ शकते. व्यासात दोन-तीन टक्क्यांहून जास्त फरक पडू देऊ नका. टायर तीन टक्क्यांनी मोठा झाला तर मीटरवर १०० दिसताना गाडी १०३ ने पळत असते, आणि पूर्ण वळणावर टायर फेंडरला घासण्याची शक्यता वाढते.

माझा सल्ला असा: आपल्याच मॉडेलच्या वरच्या व्हेरियंटला जे माप येतं, त्याच्यापुढे जाऊ नका. कंपनीची अलॉय मिळाली तर सगळ्यात उत्तम. बाहेरची घेताना नट किती आणि त्यांच्या वर्तुळाचा व्यास किती, ऑफसेट (चाक किती आत किंवा बाहेर बसतं ते माप) किती आणि मधलं भोक किती, हे चारही जुळायला हवं. दुकानदार ‘भावा, बसतंय की’ म्हणाला तरी मोजून घ्या. बाहेरच्या अलॉयचं मधलं भोक बहुतेक वेळा मोठं ठेवलेलं असतं, म्हणजे ती बऱ्याच गाड्यांना चालते. हब, म्हणजे गाडीचा ज्या भागावर चाक बसतं तो, आणि हे भोक यांच्यातल्या फटीत बसणारी हब रिंग नसेल तर बॅलन्सिंग करूनही थरथर जात नाही.

इथे उद्यमनगर कामाला येतं. उसाच्या मळ्यांना पाणी पाजणारी ऑइल इंजिनं ज्या गल्ल्यांत घडली, तिथे हब आणि अलॉय दोन्ही व्हर्निअरने मोजून ॲल्युमिनियमची रिंग लेथवर काढून देणारे कारागीर आजही सापडतात. स्पीकरसाठी रिंगही तिथेच कापून मिळेल. पण त्याच लेथवर चाक बाहेर काढायचा स्पेसर करून घेऊ नका. स्पेसरने बेअरिंगवरचा भार वाढतो आणि नटांची पकड कमी होते. हाताशी एवढं कसब असलं की काहीही करून घ्यावंसं वाटतं. चाकांच्या बाबतीत तरी थांबा.

टायर घेताना बाजूवरचा चार आकडी शिक्का वाचा. २३२४ म्हणजे २०२४ सालचा २३ वा आठवडा. दोन वर्षं दुकानात पडलेला टायर स्वस्त मिळाला तरी नको. लोड इंडेक्स (टायर किती वजन पेलतो) आणि स्पीड रेटिंग (किती वेग सोसतो) मूळ टायरपेक्षा कमी चालणार नाही. खाचांच्या तळाशी जे उंचवटे असतात ते १.६ मिलिमीटरचे, रबर तिथवर आलं की टायर संपला. आपल्या पावसात मी तर ३ मिलिमीटरलाच बदलावा म्हणेन.

चाक बसवताना नट हाताने लावा, समोरासमोरचे आळीपाळीने घट्ट करा, शेवटचा ताण गाडी जमिनीवर टेकल्यावर द्या. पान्यावर उभं राहून उड्या मारू नका, त्याने स्टड ताणला जातो. अलॉय लावल्यावर पन्नास ते शंभर किलोमीटरनंतर एकदा पुन्हा ताण तपासा. हवा सकाळी, गाडी पळण्याआधी, ड्रायव्हरच्या दाराच्या चौकटीवरच्या स्टिकरप्रमाणे भरा.

दिवे

ऊसवाहतूक सुरू झाली की संध्याकाळनंतर मागे एकही लाल दिवा नसलेली, रिफ्लेक्टर मातीने झाकलेली दोन ट्रॉल्यांची रांग समोर उभी ठाकते. त्या ट्रॉल्या वेळेत दिसाव्यात यासाठी दिव्यांवरचा खर्च मला अलॉयपेक्षा कितीतरी मोलाचा वाटतो.

पण सुरुवात बल्बने करू नका. हेडलाइटची पिवळी पडलेली काच आधी साफ करा, आणि खरं तर ती काच नसून पॉलिकार्बोनेट असतं. भोवतीच्या रंगावर मास्किंग टेप लावा. १००० नंबरचा पॉलिश पेपर पाण्यात भिजवून एकाच दिशेने घासा, मग २०००, मग ३०००. प्रत्येक वेळी आधीच्या ओरखड्यांच्या आडव्या दिशेने. शेवटी पॉलिश कंपाउंड. त्यावर यूव्ही थर दिला नाही तर काही महिन्यांत पुन्हा पिवळेपणा येतो, म्हणून ती पायरी गाळू नका.

मग बल्बपर्यंत पूर्ण व्होल्टेज पोहोचतंय का ते बघा. जुन्या गाडीत करंट स्विचमधून फिरून येतो आणि वाटेत एखादा व्होल्ट सहज गळतो. हॅलोजनचा उजेड मात्र त्या प्रमाणापेक्षा कितीतरी जास्त घटतो. उपाय रिलेचा, म्हणजे जुन्या स्विचच्या इशाऱ्यावर बॅटरीचा करंट थेट बल्बला सोडणाऱ्या खटक्याचा. आपल्याकडच्या बऱ्याच हॅचबॅकना ६०/५५ वॅटचा एच-फोर बल्ब येतो, आणि त्याचा तयार रिले संच मिळतो. त्यात एकही वायर कापावी लागत नाही.

१. बॅटरीची निगेटिव्ह तार काढा. काढताना निगेटिव्ह पहिली, लावताना शेवटी.
२. दोन्ही बल्बचे मूळ कपलर काढा. एका मूळ कपलरमध्ये संचाचा प्लग घाला. हा फक्त रिलेला ‘चालू हो’ एवढं सांगतो. दुसरा कपलर टेप गुंडाळून बांधून ठेवा.
३. संचाचे सिरॅमिक होल्डर बल्बांना लावा. बल्बच्या काचेला बोट लावू नका. लागलंच तर स्पिरिटने पुसा.
४. रिले बॅटरीजवळ, पिना खाली येतील असे बसवा, म्हणजे पाणी साठत नाही.
५. फ्यूज असलेली तार बॅटरीच्या पॉझिटिव्हला, अर्थिंग बॉडीच्या मूळ बोल्टला. तिथला रंग किंवा गंज असेल तर साफ करून.
६. इंजिन चालू करून बल्बपाशी व्होल्टेज मोजा. बॅटरीच्या जवळपास यायला हवं. चार्जिंग चालू असताना ते साधारण १३.८ ते १४.४ असतं.

काही गाड्यांत हेडलाइटचा स्विच अर्थिंगच्या बाजूला असतो, त्यांना वेगळा संच लागतो. मॉडेल आणि साल सांगूनच घ्या.

१००/९० वॅटचे बल्ब लावू नका. मूळ वायरिंग आणि होल्डर तेवढ्या करंटसाठी नसतात, ते वितळतात. हॅलोजनच्या रिफ्लेक्टरमध्ये एलईडी बल्ब घालण्याच्याही मी विरोधात आहे. रिफ्लेक्टरचा आकार बारीक फिलामेंटची जागा धरून बनवलेला असतो. उजेडाचा उगम जरा हलला तरी प्रकाश सगळीकडे विखुरतो. तुम्हाला समोर पांढरंशुभ्र दिसतं आणि समोरच्या दुचाकीवाल्याला काहीच दिसत नाही. गगनबावड्याच्या धुक्यात तर तोच पांढरा प्रकाश उलटून आपल्याच डोळ्यांवर येतो. तिकडे किंवा आंबोलीला वरचेवर जाणं असेल तर बंपरमधल्या मूळ जागी पिवळे फॉग लॅम्प लावा, कंपनीच्या कपलरवर.

बल्ब बदलल्यावर फोकस लावायलाच हवा. सपाट जागी भिंतीपासून साडेसात मीटरवर गाडी उभी करा, ड्रायव्हरच्या जागी माणूस बसवा. हेडलाइटच्या मध्याची जमिनीपासूनची उंची भिंतीवर खुणेने आखा. लो बीमची वरची कड त्या खुणेच्या साधारण ७ ते १० सेंटिमीटर खाली आली पाहिजे. हेडलाइटच्या मागे यासाठी स्क्रू असतो. कॅबिनमधला लेव्हलचा खटका असेल तर तो शून्यावर ठेवून हे करा.

म्युझिक आणि वायरिंग

गाड्यांना आग लागण्याची बरीच कारणं इथेच जन्माला येतात, म्हणून सावकाश करा. स्टिरिओ घेताना त्याबरोबर आपल्या गाडीचा कपलर मागून घ्या, ज्याचं एक टोक गाडीच्या सॉकेटमध्ये आणि दुसरं स्टिरिओत जातं. दुकानदार वायर कापून पिळ देऊ लागला तर थांबवा. बाहेरच्या स्टिरिओच्या वायरींचे रंग सहसा ठरलेले असतात: पिवळी कायमचा करंट, लाल चावी फिरवल्यावरचा, काळी अर्थिंग, पांढरी, राखाडी, हिरवी आणि जांभळी स्पीकरच्या. तरीही मल्टिमीटर लावून खात्री करा. पिवळी आणि लाल उलट झाल्या तर सेटिंग दर वेळी पुसलं जातं, आणि दोन्ही कायमच्या करंटवर जोडल्या तर बॅटरी रात्रीत उतरते.

डॅशबोर्ड उघडताना पिवळ्या रंगाचे कपलर दिसले तर ते एअरबॅगचे. त्यांना हात लावायचा नाही, मल्टिमीटर तर नाहीच नाही. पुढच्या खांबातून वायर नेताना तिथे पडद्याची एअरबॅग आहे का ते आधी बघा. सीटमध्ये एअरबॅग असलेल्या गाडीला त्यासाठीच शिवलेलं सीट कव्हर लागतं.

फक्त पुढच्या दारांचे स्पीकर चांगले बसवले तरी आवाजात खूप फरक पडतो. खोक्यावर ५० वॅट लिहिलं असलं तरी स्टिरिओ प्रत्यक्षात चॅनेलमागे पंधरा-वीस वॅटच देतो, म्हणून कमी ताकदीवर वाजणारे ४ ओहमचे स्पीकर निवडा. दाराचं पॅनेल काढताना हँडलमागचे लपलेले स्क्रू आधी शोधा, मग प्लॅस्टिकच्या चमच्याने खालच्या कोपऱ्यापासून उचका. आत पातळ प्लॅस्टिकचा कागद चिकटवलेला असतो. तो फाडू नका. काचेवरून ओघळणारं पावसाचं पाणी दाराच्या आतूनच खाली जातं आणि हा कागद ते कॅबिनमध्ये येऊ देत नाही. तो फाटलेल्या गाड्यांत जुलैत कार्पेट ओलं होतं आणि वास येतो. मालक मात्र गळती छतात शोधत बसतो. काढावाच लागला तर ब्यूटिल टेपने (चिकट रबरी पट्टीने) पुन्हा सगळीकडून बंद करा. दार उघडलंच आहे तर बाहेरच्या पत्र्याच्या आतल्या बाजूने ब्यूटिलची डॅम्पिंग शीट (पत्र्याची थरथर दाबणारी चिकट शीट) रोलरने दाबून लावा. दार लावल्याचा आवाज लगेच बदलतो. दाराच्या तळाची पाणी जायची भोकं मात्र उघडी ठेवा.

ॲम्प्लिफायर लावणार असाल तर बॅटरीपासून हातभर अंतराच्या आत फ्यूज हवाच, आणि इंजिन आणि कॅबिन यांच्यामधल्या भिंतीतून तार नेताना रबरी ग्रोमेट हवं. फ्यूज उडाला तर कारण शोधा. १० च्या जागी २० अँपिअरचा घातला की फ्यूजऐवजी वायर जळते.

मागचे सेन्सर, कॅमेरा

१ जुलै २०१९ पासूनच्या नव्या गाड्यांना रिव्हर्स सेन्सर कंपनीच देते. त्याआधीच्या गाडीला घरी बसवता येतो. या लेखातलं हे एकच काम ज्यात भोक पाडावं लागतं. पण ते प्लॅस्टिकच्या बंपरला, आणि बंपर बदलता येतो. संचाबरोबर येणाराच होल सॉ वापरा, खुणा टेपवर दोनदा मोजा, चारही सेन्सर एका उंचीवर ठेवा आणि ‘वर’ लिहिलेली बाजू वरच. करंट रिव्हर्स लाइटच्या वायरीवरून घ्या. कॅमेरा नंबर प्लेटच्या वरच्या दिव्याजवळ बसतो, वायर डिकीच्या रबरी नळीतूनच न्या.

पावसाळ्याआधी

मे महिन्यात अंडरबॉडी धुऊन पूर्ण वाळवा. चाकांच्या कमानीत, जॅक लावायच्या पट्टीवर आणि दारांच्या खालच्या कडेवर गंजाचे ठिपके शोधा. छोटा ठिपका घासून त्यावर प्रायमर आणि रंग एवढं घरी होतं. अंडरबॉडी कोटिंग ओल्या किंवा गंजलेल्या पत्र्यावर मारलं तर गंज आत झाकून वाढतो, आणि पाण्याची भोकं बुजली तर तो आणखी लवकर वाढतो. पुढच्या काचेखालच्या जाळीत साठलेला पाला हाताने काढा. गाडीत पुराचं पाणी शिरलंच, तर चावी फिरवून बघण्याचा मोह आवरा. बॅटरी सोडवा आणि टो करून न्या.

जे घरी करायचं नाही

स्प्रिंग, एअरबॅग, ब्रेकचे पाइप, पेट्रोलची लाइन, इंजिनचं रीमॅप (त्याच्या कॉम्प्युटरचं सेटिंग बदलणं) आणि चासीवरचं कोणतंही वेल्डिंग. सीएनजी किट फक्त मान्यताप्राप्त केंद्रातून घ्या, आरसीवर आणि विम्यावर नोंद करा. सिलेंडरची हायड्रो टेस्ट (पाण्याच्या दाबाने तपासणी) दर तीन वर्षांनी करावी लागते.

अलॉय, स्टिरिओ, ॲम्प्लिफायर यांची बिलं जपून ठेवा आणि विमा नूतनीकरणाच्या वेळी ॲक्सेसरी म्हणून लिहून द्या, नाहीतर चोरी किंवा अपघातात त्यांचे पैसे मिळत नाहीत. काढलेले मूळ स्पीकर, रिम, बल्ब आणि कव्हरं एका खोक्यात, वर गाडीचा नंबर लिहून, माळ्यावर ठेवा. गाडी विकताना मूळ सामान परत बसवून सुधारलेलं सामान पुढच्या गाडीला वापरता येतं. आल्टोतून काढलेले स्पीकर स्विफ्टमध्ये सहसा फक्त नव्या रिंगवर बसतात.